अप्पांची खुर्ची आणि आईचं बिरडं

दळवी अप्पा गेले त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात वाल सोलणं चाललं होतं. तळमजल्यावरचे साळुंखेकाका धापा टाकत दारात आले आणि म्हणाले, "सुधावहिनी, अप्पा गेले." आईने आधी गॅस बारीक केला. मी लाटणं हातात धरून तशीच उभी राहिले. आणि बाबा, जे पाटावर बसून परातीत वाल सोलत होते आणि मांडीवर पसरलेलं वर्तमानपत्रही वाचत होते, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कोणाच्या परवानगीने?"

हसण्यासारखं आहे, पण त्या वेळी आमच्यापैकी कोणीच हसलं नाही. डोंबिवलीच्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये अप्पांच्या परवानगीशिवाय काही होत नसे. बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून तेच चेअरमन. दोरीवर कपडे कोणत्या क्रमाने वाळत घालायचे, मिक्सर कधी लावायचा, कोणाकडचा पाहुणा किती मुक्काम करणार, सगळं अप्पा ठरवायचे. गणपतीत भाड्याने आणलेला एक लाऊडस्पीकर परत करायचा राहून गेला होता, तो त्यांनी आपल्या गॅलरीत बांधून घेतला होता. सकाळी त्याच्यातून खरखर व्हायची आणि मग आवाज यायचा, "पहिला मजला, पाणी भरा. दुसरा मजला, थांबा." वार्षिक सभेत ते शेवटी विचारायचे, "कोणाला काही म्हणायचंय?" आणि विचारता विचारताच ट्यूबलाइट बंद करायचे. जिन्याखाली मीटरच्या पेट्यांशेजारी त्यांची वेताची खुर्ची असायची. आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या खुर्चीसमोरून जावं लागे, आणि मी कॉलेजातून उशिरा आले की चपला हातात घेऊन जात असे. पण हेही सांगायला हवं की माझ्या भावाचा ताप डोक्यात गेला तेव्हा भर पावसात रिक्षा शोधायला अप्पाच धावले होते. आम्ही त्यांना टरकून असायचो आणि त्यांच्या भरवशावर गाढ झोपायचो.

बाबा घरी का होते ते सांगते. ते वागळे इस्टेटमधल्या एका मशीनच्या कारखान्यात फिटर होते. मालकाने एक दिवस गेटला कुलूप लावलं. पहिले काही आठवडे बाबा रोज डबा घेऊन ठाण्याला जायचे, कुलूप बघायचे आणि परत यायचे. मग जाणंही बंद झालं. आईने कोणाला काही न विचारता मोठी परात आणली, दोन जाडजूड पातेली आणली आणि पोळी-भाजीचे डबे सुरू केले. पहाटेपासून घरात पोळपाटाचा ठक ठक आवाज, तिच्या बांगड्यांचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या. लसणाच्या फोडणीचा वास माझ्या केसांत इतका बसला होता की वर्गातल्या मुली दुपारच्या सुट्टीआधी माझ्या शेजारी बसायला भांडायच्या. पोळ्या मी लाटायची, आई भाजायची, बाबांकडे वाल सोलायचं काम आलं. रात्री भिजवलेले, मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेकाचं साल काढायचं. ज्या माणसाने आयुष्यभर लोखंड घासलं त्याला त्या बुळबुळीत दाण्यांशी झटताना बघवायचं नाही, मी मान खाली घालून पोळी लाटायची. ते मात्र वर्तमानपत्र मोठ्याने वाचत राहायचे, म्हणजे मग आपण वाचतोय आणि वाल आपोआप सोलले जातायत असं वाटायचं.

अप्पांना रोज एक वाटी भाजी जायची. ते तिला 'नमुना' म्हणायचे. इमारतीत काय शिजतं यावर देखरेख हवी, असं त्यांचं म्हणणं. आईचं वालाचं बिरडं असलं की वाटी चाटूनपुसून परत यायची. पण त्या महिन्यात दुधी स्वस्त झाला होता. आईने लागोपाठ दुधीच केला, आणि अप्पांनी तो स्वतःचा अपमान समजला. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर सूचना लागली: येत्या पहिल्या तारखेपासून इमारतीत व्यावसायिक स्वयंपाक बंद. खाली सही, चेअरमन. आई रडली नाही. तिने सूचना वाचली, वर आली आणि कणीक मळायला घेतली. पण त्या दिवशी तिने मीठ घातलं नव्हतं हे पोळी खाल्ल्यावर कळलं. घर त्या डब्यांवरच चालत होतं. आणि पहिली तारीख यायच्या आत अप्पा झोपेतच गेले.

आता प्रश्न एकच होता. पुढचा कोण? जो येईल तो सूचना पाळायला लावणार की पुसणार, यावर आमचं जेवण ठरायचं होतं.

बाबा या विषयातले जाणकार होते. नुकताच कुठल्याशा लांबच्या देशातला हुकूमशहा मेला होता आणि पेपरात रोज तर्क चालले होते, की गादीवर कोण बसणार. सेनापती की पुतण्या, की तो जाड भिंगांचा मंत्री. बाबांनी सेनापतीच्या बाजूने बराच घसा कोरडा केला होता. शेवटी बसला भलताच कोणी, ज्याचं नाव एकाही फोटोखाली आलं नव्हतं. त्यावरून बाबांनी सिद्धांत काढला होता. "शैले, लक्षात ठेव. ज्याचं नाव सगळे घेतात तो येत नाही. ज्याचं कोणीच घेत नाही, तो येतो. अंत्ययात्रेत कोण कुठे उभा आहे ते बघायचं. लाऊडस्पीकर कोणाच्या हातात जातो ते बघायचं." कारखाना बंद पडल्यापासून बाबांच्या आवाजात एवढा जोर मी ऐकला नव्हता. मला त्या हुकूमशहाचे आभार मानावेसे वाटले.

त्याप्रमाणे आम्ही बघायला लागलो. दुसऱ्या मजल्यावरचे पेंडसेकाका सेक्रेटरी होते. ते अंत्ययात्रेत अप्पांच्या उजव्या बाजूला चालले आणि परतल्यावर त्यांनी जिना स्वतः धुऊन घेतला. बाबांच्या मते ही सरळसरळ दावेदारी होती. लसणाचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो अशी पेंडशांची जुनी तक्रार, त्यामुळे ते आले तर आमचं संपलंच. साळुंखेकाकांकडे पाण्याच्या व्हॉल्वची किल्ली होती. त्यांनी अप्पांच्या लाऊडस्पीकरवरून अगदी हळू आवाजात "पहिला मजला, पाणी" एवढंच म्हटलं, तर पेंडशांनी फळ्यावर लिहिलं, 'सदर घोषणा हंगामी समजावी.' साळुंखे आईच्या बाजूचे होते. पण ते सगळ्यांच्याच बाजूचे असायचे. आणि तिसरा अप्पांचा मुलगा मिलिंद, जो ठाण्यात माजिवड्याला टॉवरमध्ये राहत होता. तो बापडा म्हणत होता, "मला नको हो ही लफडी. माझा इथल्या टाकीशी काय संबंध?" बाबांनी यावर डोळे बारीक केले. "नको म्हणतोय. म्हणजे हवंय."

या सगळ्या दिवसांत वेताच्या खुर्चीवर कोणीही बसलं नाही. लोक तिच्यासमोरून पूर्वीसारखेच दबकत जायचे. एकदा तिच्यावर मांजर बसलं, तर साळुंखेकाका त्याला "अहो, उठा उठा" म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर जाधवबाई राहायच्या, नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी एकदा जिन्यात सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, मग निवडणूक घ्या की सरळ. चिठ्ठ्या टाका, मोजा. होऊन जाईल." सगळे इतके हसले की जाधवबाईंनाच वाटलं आपण काही चावट बोललो की काय.

दहाव्याला खाडीवरच्या घाटावर अर्धी बिल्डिंग आली होती. काकूंना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, सोबत म्हणून आई आणि मी गेलेलो, बाबाही होते. जाधवबाईही आल्या. "आमच्यात हे नसतं, पण माणूस गेलाय, यायला नको?" असं म्हणून त्या जरा लांब छत्री उघडून उभ्या राहिल्या. गुरुजींनी पिंड मांडले. आपल्याकडे मानतात की गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरचे एकेक वचन देत राहतात, बरोबर ते सापडलं की कावळा येतो. कठड्यावर कावळे भरपूर होते. पुढे एक मोठा, मानेभोवती राखाडी, अप्पांसारखाच छाती काढून बसलेला.

मिलिंद म्हणाला, "अप्पा, आईला मी माजिवड्याला नेईन." कावळा हलला नाही. काकू हळूच म्हणाल्या, "मला नाही जायचं रे तिकडे." मग पुतणे झाले, जावई झाले, गावचं घर झालं, राहिलेली काशीयात्रा झाली. कावळा चोच पुसत बसला. आणि तेव्हा पेंडसेकाका पुढे आले, त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अप्पा, निश्चिंत असा. सोसायटी मी सांभाळीन. आपले सर्व नियम जसेच्या तसे राहतील."

कावळ्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

घाटावर जी कुजबुज झाली ती मला अजून ऐकू येते. पेंडसे पांढरे पडले. साळुंखेकाकांना एकदम स्फुरण चढलं. "अप्पा, पाण्याचं मी बघतो, टाकी धुतो, सगळं करतो!" ते एवढ्या जोरात ओरडले की कावळा उडून पलीकडच्या पिंपळावर गेला. कोणीतरी मिलिंदला पुढे ढकललं, त्याने "बरं, मीच होऊ का चेअरमन?" असं इतक्या नाखुशीने विचारलं की कावळ्याने ऐकलंसुद्धा नसावं. बाबा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "तिघंही बाद." त्यांच्या कपाळावर घाम होता. गुरुजींना पुढे कल्याणला दुसरं काम होतं, ते घड्याळ बघत म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, शास्त्रात सोय आहे." तशी पेंडशांनी कळवळून हरकत घेतली, "छे छे! दर्भाचा कावळा म्हणजे राष्ट्रपती राजवट!" त्यांच्या मते एवढ्या वरच्या माणसाच्या बाबतीत अस्सलच कावळा लागतो.

तेव्हा आई पुढे झाली. तिच्या पिशवीत झाकणाची वाटी होती. ती घरून घेऊन निघाली हे मला ठाऊक होतं, कशाला ते नव्हतं. तिने पिंडाशेजारी वाटी ठेवली, झाकण काढलं. ओल्या खोबऱ्याचं, कोकमाचं, अजून कोमट असलेलं बिरडं. "अप्पा," ती म्हणाली, "दुधीचं मनावर घेऊ नका. पुन्हा नाही पाठवणार. आणि तुमची खुर्ची तुमचीच. तिच्यावर दुसरं कोणी म्हणजे कोणी बसणार नाही."

शेवटचा शब्द तोंडात होता तोवर कावळा पिंपळावरून सरळ खाली आला.

तो कुठे आला यावर पुढे वाद झाला. जाधवबाई छत्रीखालून स्पष्ट म्हणाल्या, "अहो, वाटीत चोच घातली त्याने. पिंडाकडे बघितलंही नाही." पण तोवर गुरुजींनी "शिवला, शिवला" म्हणून पाणी सोडलं होतं, काकू रडत होत्या, आणि पेंडसे, साळुंखे, मिलिंद तिघेही आकाशाकडे बघून हात जोडत होते. आईने बरोबर हेरलं होतं. खुर्ची रिकामी राहिली की सूचना पाळायला लावणारं कोणी उरत नाही.

निदान तिला तसं वाटलं. पण ती पेंडशांना विसरली होती. त्या रविवारच्या सभेत त्यांनी ठराव मांडला, की कावळ्याच्या साक्षीने व्यक्त झालेल्या इच्छेनुसार कै. अप्पा दळवी हेच यापुढेही चेअरमन राहतील. टाळ्या पडल्या. आई सगळ्यांत जोरात वाजवत होती. मग पेंडसे चष्मा पुसत म्हणाले, "ओघानेच आलं, की त्यांचे आदेशही कायम आहेत. स्वयंपाकाच्या सूचनेसह. जिवंत माणूस एखाद वेळी सूचना मागे घेतो, वहिनी. अप्पांना आता ती मागे घेता येणार नाही."

बाबा कपाळ चोळायला लागले. त्या लांबच्या देशात असं काही झालं नव्हतं. मी आईकडे बघायला घाबरत होते. ती सावकाश उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "का नाही घेता येणार? परवा घाटावर त्यांना कळवता आलं, तर आजही येईल. ठरावात तुम्हीच लिहिलंय ना, काका? गच्चीवर वाटी ठेवू. अप्पांनी खाल्लं, तर डबे चालू. नाही खाल्लं, तर मी स्वतः पातेली उपडी घालते."

पेंडशांना नाही म्हणता येईना. ठराव त्यांच्याच अक्षरात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरून झाल्यावर सगळी बिल्डिंग गच्चीवर. टाकीच्या कठड्यावर वाटी ठेवलेली. त्या सकाळी बाबांनी वाल सोलले तेव्हा वर्तमानपत्राची घडीही मोडली नाही. एकही दाणा दुभंगू दिला नाही त्यांनी. आधी दोन कबुतरं आली, साळुंखेकाकांनी त्यांना "तुमचं काम नाही" म्हणून हाकललं. मग बराच वेळ काहीच नाही. आईचा हात माझ्या हातात होता, पिठाने खरखरीत झालेला, आणि मी देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी मनात म्हणत होते, अप्पा, या हो, अप्पा, या. आणि आला. एक आला, पाठोपाठ आणखी आले, वाटी लवंडली, खोबऱ्याचा कण उरला नाही. मी लहान मुलीसारखी रडले. पेंडसेकाका खाली गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने फळा पुसला.

इथेच थांबायला हरकत नव्हती. पण एकदा सोय लागली की लोक ती सोडत नाहीत. पाण्याची वेळ बदलायची, विचारा अप्पांना. रंग कोणता, विचारा अप्पांना. पेंडशांना पाहुण्यांच्या स्कूटरींवर बंदी हवी होती, त्यासाठी त्यांच्या सौभाग्यवतींनी साजूक तुपातला सांजा ठेवला. दुपारपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की अप्पा फक्त आमच्या घरचं खातात. लोक आमच्याकडे येऊ लागले. "वहिनी, गॅलरीला जाळी लावायची म्हणतोय, जरा बिरडं कराल का?" आई पोळी शेकता शेकता ऐकून घ्यायची. जाळी केवढी, शेजाऱ्यांचा उजेड जाईल का, पावसाचं पाणी कुठे पडेल, सगळं विचारायची. पटलं तर म्हणायची, "करते." नाही पटलं तरी "करते"च म्हणायची, पण दुसऱ्या दिवशी वाटीत दुधी असायचा. दुधीला कावळे कधी शिवले नाहीत.

आता टीव्हीवर कुठल्याशा देशाचा सर्वेसर्वा आजारी असल्याची बातमी येते आणि पाच-सहा माणसं चौकटींत बसून पुढचा कोण यावर भांडायला लागतात, तेव्हा मी आवाज बंद करते. नुसतं चित्र बघते. त्या दालनात चहा कोण आणून ठेवतंय, मागच्या दारातून आत कोण जातंय, ते दिसतंय का बघते. सहसा दाखवत नाहीत.

आमची बिल्डिंग त्या काळात जेवढी गुण्यागोविंदाने राहिली तेवढी आधी कधी राहिली नव्हती. टाकी वेळेवर धुतली जायची, मिक्सर कधीही लागायचा. काकू माजिवड्याला न जाता इथेच राहिल्या आणि दुपारी आमच्याकडे कोथिंबीर निवडायला यायच्या. वेताच्या खुर्चीला साळुंखे दर शनिवारी फडकं मारायचे. मी चपला घालून येऊ लागले.

एक दिवस जिन्यात बाबांना जाधवबाई भेटल्या. बाबा त्यांना पुन्हा तेच समजावत होते, की आपल्याकडे वारसाचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अनिर्णित आहे, अशी पोकळी फार काळ टिकत नाही, कोणीतरी दबा धरून बसलेला असणारच. जाधवबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, मी काही कावळ्याला मत देणार नाही. सुधाताईंना मात्र आत्ता देईन." आणि पिशवी सावरत वर गेल्या.

बाबा घरात आले तेव्हा त्यांचा चेहरा काहीतरी महागाचं हरवल्यासारखा झाला होता. ते पाटावर बसले. समोर परात होती. आई त्यांच्याकडे पाठ करून फोडणी देत होती, मी पोळी लाटत होते. ते किती तरी वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. त्या लांबच्या देशातला सेनापती, पुतण्या, जाड भिंगांचा मंत्री, पेंडसे, साळुंखे, मिलिंद, सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत.

"सुधा," ते शेवटी म्हणाले, "खरं सांग. वाटी पिशवीत घातलीस, तेव्हाच ठरवलं होतंस?"

आईने मागे वळून बघितलं नाही. फोडणी तडतडली, तिने झाकण ठेवलं.

"तुम्ही वाल सोला," ती म्हणाली.